पुराच्या पाण्यावर अडकलेली लिफ्ट

एलिओ ब्रेसान विजेला घाबरणारा माणूस नव्हता. हर्बर्ट नदीकाठच्या साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून त्यानं उभं आयुष्य काढलं होतं. ऐन गळीत हंगामात एखादी मोटर बसली की उसाच्या गाड्या रुळांवर खोळंबायच्या, फोरमन आरडाओरडा करायचा, आणि एलिओ दातांत काडी धरून पॅनेलसमोर निवांत मांडी घालून बसलेला असायचा. एकदा त्याच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक ठिणगीसरशी वितळून गेलं, तर त्यानं नुसतं "हं" म्हटलं आणि दुसरा मागितला. ही गोष्ट कारखान्यात अजून सांगतात.

त्याची बायको ग्लेनिस शाळेची बस चालवायची. ब्रेसानमधला 'ब' धरून मुलं तिला 'मिसेस बी' म्हणत. अर्धा गाव तिच्या बसमधून शाळेत गेलेला. आरशातून मागे बघत ती अशी काही दटावायची, की आता पन्नाशीला टेकलेली माणसंसुद्धा तिचा आवाज ऐकला की खिशातून हात बाहेर काढतात.

मग तिच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण जाताना पाय घेऊन गेली. डॉक्टरांनी कण्यात सळ्या घातल्या आणि बजावून सांगितलं, की हिला कधी धक्का बसता कामा नये, उचलताना ओढाताण तर अजिबात नको. चाकांची खुर्ची आली, बॅटरीवर चालणारी, चांगली जडशीळ. पण घर होतं खांबांवर. त्या भागात सगळीच घरं तशी असतात, खाली मोटारी आणि वॉशिंग मशीन, वर माणसं. मधे जिना. ग्लेनिस वर गेली ती वरच राहिली. व्हरांड्यातून ती रस्त्याकडे बघत बसायची आणि बस चुकीच्या गिअरमध्ये वळण घेते म्हणून नव्या ड्रायव्हरला शिव्या घालायची.

एलिओला ते बघवेना. त्यानं पुढचा जिना काढून टाकला आणि त्या जागी लिफ्ट उभी केली. कारखान्यातून मोडीत निघालेला लांब स्क्रू, तो फिरवायला मालाच्या गाडीची मोटर, त्यावर चढणारा-उतरणारा जाळीचा पिंजरा, सगळं जमवलं. मोटर, ती चालवणाऱ्या बॅटऱ्या आणि मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर वर व्हरांड्यात बसवला, पुराचं पाणी लागू नये म्हणून. मोटरच्या मागच्या टोकाला ब्रेक होता. वीज गेली की तो आपोआप आवळायचा आणि पिंजरा असेल तिथे थांबायचा. खताच्या गोणी भरून एलिओनं लिफ्ट वरखाली केली, पुन्हा केली, आणि मगच बायकोला तिच्यात बसू दिलं.

त्यांची मुलगी निव्हेस टाउन्सव्हिलच्या बंदरात क्रेनच्या मोटरींचं काम बघायची. नाताळात ती आली, कोळंबी सोलता सोलता लिफ्टकडे बघत बसली आणि म्हणाली, "पप्पा, वर जाताना मोटर वजन ओढते, ते ठीक. खाली येताना काय होतं?"

"खाली येताना उतरते. आणखी काय होणार?"

"आईचं वजन, खुर्चीचं वजन, ते मोटरलाच फिरवणार ना? मग मोटर जनरेटर होते. ती वीज जाते कुठे?"

"बॅटरीत. फुकटची वीज, वाईट काय त्यात?"

"आणि बॅटरीनं नाही घेतली तर?"

"नाही घेतली म्हणजे? रुसून बसायला ती काय नवरी आहे?"

ग्लेनिस हसली. निव्हेसला मात्र हसू आलं नाही. "जास्तीची वीज जाळून टाकायला एक जाडजूड रेझिस्टर लाव. मी आणून देते. नाहीतर एक दिवस व्होल्टेज असं उसळेल की कंट्रोलरच्या चिंध्या होतील."

"ते बंदरातल्या क्रेनला लागतं. ही क्रेन नाही, तुझ्या आईची लिफ्ट आहे," असं म्हणून एलिओनं विषय संपवला.

खरं सांगायचं तर तेव्हा त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या जुन्या शिशाच्या बॅटऱ्या थकलेल्या होत्या, मिळेल तेवढी वीज त्या गटागट पिऊन टाकायच्या. वर्षभर लिफ्ट कुरकुर न करता चालली. ग्लेनिस रोज खाली यायची, भाजीच्या वाफ्यापाशी बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. मग जानेवारीत बॅटऱ्यांनी राम म्हटला आणि एलिओनं नवी आणली, लिथियमची, हलकी, देखणी. या बॅटरीच्या पोटातच एक छोटं सर्किट असतं. बॅटरी काठोकाठ भरली की ते दार लावून घेतं, आणखी वीज आत येऊ देत नाही. ते त्याला ठाऊक होतं. पण त्या दाराचा आणि निव्हेसच्या प्रश्नाचा संबंध काही त्याच्या डोक्यात आला नाही.

फेब्रुवारीत नदी चढली. त्यात कुणाला नवल नव्हतं. दरवर्षी घराखाली गुडघाभर पाणी यायचं, दोन दिवसांनी ओसरायचं, मागे चिखल आणि बेडूक ठेवून जायचं. रेडिओवर घरं सोडायला सांगत होते, तेव्हा ग्लेनिस म्हणाली, "शाळेच्या हॉलमध्ये लोकांच्या घोरण्यात झोपायचं? मी नाही येणार." एलिओनं वॉशिंग मशीन उंचावर चढवलं, मोटार पुलापलीकडच्या उंच रस्त्यावर नेऊन लावली आणि लाइट जाणार म्हणून लिफ्टची बॅटरी, एरवी अर्धीमुर्धीच भरलेली असायची ती, आधीच पूर्ण चार्ज करून ठेवली. हिरवा दिवा लागला तेव्हा त्याला बरं वाटलं. आता काहीही होवो, ग्लेनिसला खाली उतरवता येणार होतं.

सकाळी उठून बघतो तर पाणी छातीच्या वर. उसाचं रान दिसेनासं झालेलं, शेंडे तेवढे पाण्यावर हलत होते. वाहत आलेला एक ओंडका मागच्या जिन्यावर आदळला आणि खालच्या पायऱ्या घेऊन गेला. एलिओ व्हरांड्यात उभा राहून बघत राहिला. एवढं पाणी त्यानं या घराखाली कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी केरॉड बोट घेऊन आला. केरॉड उसाचा शेतकरी, पुरात स्वयंसेवकांचा नारिंगी शर्ट घालून माणसं काढायला फिरायचा. लहानपणी तो ग्लेनिसच्या बसनंच शाळेत जायचा.

"मिसेस बी!" तो खालून ओरडला. "चला आता, हट्ट पुरे झाला! वरच्या धरणातून आणखी पाणी सोडलंय म्हणतात!"

"केरॉड, तुझे बूट चिखलाचे आहेत. तसाच माझ्या व्हरांड्यात येऊ नकोस."

"व्हरांड्यात कुठला येतोय, तुम्हीच बोटीत यायचंय! एलिओ, मागचा जिना तर गेलाय. तुझी ती लिफ्ट चालते का?"

"चालते म्हणजे?" एलिओ म्हणाला. त्या घडीलासुद्धा त्याला अभिमान वाटला. "पाण्याच्या जरा वर आणून थांबवतो. तू बोट अगदी चिकटवून लाव."

त्यानं ग्लेनिसला खुर्चीसकट पिंजऱ्यात घेतलं, तिच्या मांडीवर औषधांची पिशवी ठेवली, दाराची कडी लावली. तिच्या डोक्यावर त्यानं आपली हॅट घातली, पाऊस लागत होता म्हणून. मग व्हरांड्यातलं बटण दाबलं.

मोटर गुणगुणली. पिंजरा व्हरांड्याखाली गेला, हॅट दिसेनाशी झाली. आणि मग एकदम फटाक्यासारखा आवाज झाला. कंट्रोलरच्या डब्याच्या फटीतून निळा उजेड चमकला, पिंजरा कचकन थांबला, आणि खाली ग्लेनिस किंचाळली.

एलिओला आपण काय पाहिलं तेच कळेना. डब्यातून धूर निघत होता. जळक्या प्लास्टिकचा वास नाकात शिरला. हा वास त्यानं हजारदा घेतला होता, पण आज तो ओळखीचाच वाटेना. त्यानं पुन्हा बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा. मेलेल्या माणसाला हलवून उठवावं तसा तो बटण दाबत राहिला.

"एलिओ?" खालून ग्लेनिसचा आवाज आला. "काय झालं?"

तो अजून बटणच दाबत होता.

"एलिओ, बोल काहीतरी!"

"तुला... तुला लागलं का?"

"मान आवळल्यासारखी झालीय. पाठीचं कळत नाही. मी लटकतेय रे!"

पिंजरा अधांतरी होता. केरॉडनं बोटीत उभं राहून हात वर केले तरी पिंजऱ्याचा तळ त्याच्या बोटांपासून बराच वर राहत होता. खाली तपकिरी पाणी खांबांना घासत पळत होतं आणि बोट एका जागी थांबत नव्हती.

"दोर आहे माझ्याकडे!" केरॉड ओरडला. "मी खांबावरून चढतो, त्यांना काखेतून बांधून खाली सोडू!"

"तिच्या पाठीत सळ्या आहेत!" एलिओ किंचाळला. स्वतःचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला.

"मग काय करायचं? पाणी चढतंय, एलिओ! मला इथे फार वेळ थांबता येणार नाही!"

काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं. कारखान्यात याहून मोठी मोटर बंद पडली असती तर त्यानं काडी चघळत उपाय काढला असता. आता डोकं पाटीसारखं कोरं झालं होतं. व्हरांड्याच्या फळ्या, पावसाचे थेंब, डब्यावरची काजळी, हे सगळं त्याला फार स्पष्ट दिसत होतं आणि कशाचाच अर्थ लागत नव्हता. त्यानं फोन काढला. नेटवर्कची एकच दांडी होती. निव्हेसनं पहिल्याच रिंगला उचलला.

"पप्पा! निघालात का तुम्ही?"

"तुझी आई अडकलीय. लिफ्टमध्ये. मधेच. कंट्रोलर फुटला."

"आई ठीक आहे?"

"बोलतेय."

"बॅटरी भरलेली होती का?"

"काठोकाठ. मीच भरली. कालच." आणि हे बोलता बोलताच त्याला ते कळलं. ग्लेनिसचं वजन मोटर फिरवत होतं, मोटर वीज बनवत होती, आणि भरलेल्या बॅटरीनं दार लावून घेतलं होतं. विजेला जायला जागाच उरली नव्हती. "माझ्यामुळे झालं, निव्हेस. मीच..."

"ते नंतर. पप्पा, ऐक. तू आत्ता काय करतोयस?"

"ब्रेक हातानं सोडतोय. लिव्हर आहे मागे. तेवढं तिला खाली..."

"तुझा हात कुठे आहे?"

"लिव्हरवर."

निव्हेस बोलली, लहान मुलाशी बोलावं तशी. "पप्पा, हात काढ. ओढू नकोस. नुसता हात काढ."

त्यानं हात काढला.

"काढलास?"

"हो."

"कंट्रोलर मेलाय. मोटरच्या वायरी मोकळ्या आहेत. ब्रेक सुटला तर तिला धरायला काही नाही. आई दगडासारखी खाली जाईल."

एलिओनं आपल्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर लिव्हरच्या रबराचा ठसा उमटला होता. तो लिव्हर किती ओढला होता, ओढायला सुरुवात केली होती की नव्हती, हे त्याला आठवेना. तो तिथेच ओल्या फळ्यांवर बसला.

"पप्पा? आहेस का?"

"आहे."

"दोन्ही वायरी कंट्रोलरपासून काप. टोकं सोल आणि एकमेकींना पक्की पीळ. मोटरनं बनवलेली वीज परत तिच्यातच जाईल आणि तिलाच अडवेल. मग ब्रेक सोडलास तरी ती मुंगीच्या पावलानं उतरेल. तुला हे माहीत आहे. तूच मला शिकवलंयस, खेळण्यातल्या मोटरीवर. आठवतं?"

त्याला आठवत नव्हतं. पण हातांना आठवत होतं. त्यानं पक्कड घेतली, वायरी कापल्या, त्यावरचं जाड आवरण सोललं. तांब्याच्या तारा बोटांत रुतत होत्या. फोन त्यानं खांदा आणि कानाच्या मधे धरला होता.

खालून ग्लेनिस ओरडली, "कोणाशी बोलतोयस?"

"निव्हेसशी!"

"तिला सांग मी बरी आहे!" मग जरा थांबून, "नाहीतर नको सांगूस. खोटं बोललेलं तिला लगेच कळतं."

केरॉड खालून म्हणाला, "मिसेस बी, घाबरू नका, मी इथेच आहे."

"तू इथे आहेस म्हणूनच घाबरतेय, बाळा. शाळेत तुला सायकलसुद्धा धड धरता येत नव्हती. बोट सरळ धर आधी."

वायरी पिळून झाल्या. त्यानं पकडीनं त्या आणखी आवळल्या, ओढून बघितल्या, पुन्हा आवळल्या.

"झालं," तो फोनमध्ये म्हणाला.

"आता लिव्हर अगदी थोडा ओढ. वेगानं जातेय असं वाटलं की लगेच सोड. सोडलास की ब्रेक धरेल."

त्यानं लिव्हरला हात लावला आणि हात हलेचना. ओढायचं आहे हे कळत होतं, पण हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडून होता.

"एलिओ," खालून ग्लेनिस म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, रोजच्या आवाजात बोलत होती. "मला इथे थंडी वाजतेय. काय करायचं ते कर."

त्यानं लिव्हर ओढला.

मोटरनं एक जड, घोगरा आवाज काढला आणि स्क्रू फिरू लागला, इतका हळू की त्याचे आटे मोजता यावेत. पिळलेल्या वायरी कोमट झाल्या, मग गरम. व्हरांड्याच्या कडेवरून वाकून बघायची एलिओची हिंमत नव्हती. त्यानं डोळे स्क्रूवर खिळवले होते.

"येतायत!" केरॉड ओरडला. "येऊ दे, येऊ दे... आणखी... आणखी थोडं... थांब!"

त्यानं लिव्हर सोडला. ब्रेक खटकन आवळला. कडी सरकल्याचा आवाज आला, धडपड ऐकू आली, बोटीचा पत्रा पिंजऱ्यावर आपटला, आणि मग केरॉडचा हसल्यासारखा रडल्यासारखा आवाज, "घेतलं! घेतलं त्यांना! खुर्ची राहू दे, माणूस घेतलं!"

एलिओ पिंजऱ्याच्या जाळीवरून खाली उतरला. बोटीत पडला तो ग्लेनिसच्या पायांशीच. तिनं त्याची ओली हॅट काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. फोन वर व्हरांड्यातच राहिला होता, चालू. निव्हेसला नंतर केरॉडनं रेडिओवरून निरोप पाठवला.

शाळेच्या हॉलमध्ये नर्सनं ग्लेनिसला तपासलं. मानेला झटका बसला होता, कणा ठीक होता. एलिओला कुणीतरी चहा दिला. कप हातात धरल्या धरल्या अर्धा चहा त्याच्या पँटवर सांडला. तो कप खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा, पुन्हा सांडायचा. त्याच्याजवळच्या खाटांवरचे लोक नजर दुसरीकडे वळवत होते. ब्रेसानचे हात थरथरताना त्या गावात कुणी पाहिले नव्हते.

"मी ओढणार होतो, ग्लेनिस," तो म्हणाला. "निव्हेसनं विचारलं नसतं तर..."

"पण विचारलं ना."

"तू दगडासारखी..."

"एलिओ, मी इथे बसलेय. माझ्याकडे बघ. मानेला पट्टा आहे, केसांत चिखल आहे, आणि तो पलीकडचा आत्तापासूनच घोरतोय. बघ माझ्याकडे."

त्यानं बघितलं, पण पटल्यासारखं बघितलं नाही.

तेवढ्यात व्हर्न हॉस्किन आला. कारखान्यातला जुना फिटर, मोठ्या आवाजाचा, पुरातही खुशीत. हातात केकचा तुकडा घेऊनच तो खाटेवर टेकला. "ऐकलं मी! काय रे, तुझी लिफ्ट बसली म्हणे? माझी बघ, नवीकोरी, लोण्यासारखी चालते. तुझ्यासारखीच केली, अगदी मापात!"

एलिओनं मान वर केली. "कुठली लिफ्ट?"

"अरे, आईसाठी! लुसिंडा गावातल्या घराला. विसरलास? ऑगस्टमध्ये तुझ्याकडे टेप घेऊन आलो होतो, टेपचं दुसरं टोक तूच तर धरलंस. आणि परवा तुझी ती नवी बॅटरी बघितली ना, तसलीच आणून लावली."

आठवलं त्याला. त्यानं टेप धरला होता, प्रत्येक नटबोल्ट कौतुकानं दाखवला होता, आणि निव्हेसनं रेझिस्टरचं काय सांगितलं ते दाखवण्यासारखं वाटलं नव्हतं, म्हणून सांगितलंही नव्हतं.

"आई कुठे आहे तुझी?"

"घरीच. माझी बायको आहे सोबत. मी जनरेटर आणायला इकडे आलो आणि मागे रस्ता बुडाला. पण काळजी नाही. पाणी आलं तर लिफ्टनं उतरवा असं सांगून आलोय. बॅटरी फुल्ल आहे!"

एलिओ उठला. त्यानं व्हर्नचा शर्ट छातीपाशी धरला. "फोन लाव. लाव आत्ता. लिफ्टला हात लावू नका म्हणावं."

"फोन लागत नाहीत तिकडचे सकाळपासून. अरे, झालं काय?"

एलिओनं सांगितलं. सांगताना शब्द एकमेकांत अडकत होते, तरी व्हर्नला कळलं. केकचा तुकडा त्याच्या हातातून गळून पडला. व्हर्नची आई आयव्ही नव्वदीच्या पुढची होती, पक्ष्यासारखी हलकी, आणि तसल्याच पिंजऱ्यात तीही भरल्या बॅटरीवर उतरणार होती. हलकी असल्यानं कदाचित काही होणार नाही, असं एलिओ स्वतःशी म्हणाला. मग सुनेचं वजन त्यात धरलं. सून आधार द्यायला सोबत बसणारच. मग तो पुढचं काही मोजू शकला नाही.

केरॉडनं रेडिओवरून लुसिंडाच्या पोलिसाला गाठायचा प्रयत्न केला. खरखर ऐकू यायची, मधेच एखादा शब्द, पुन्हा खरखर. शेवटी निरोप गेला असं वाटलं, पण उत्तर येईना. दोघं म्हातारे हॉलच्या दारात उभे राहिले. व्हर्न एकदाच म्हणाला, "मला का नाही सांगितलंस रे?" दोघं पावसाकडे बघत राहिले. हॉलमध्ये कुणाचं तरी बाळ रडत होतं, कुणी सॉसेज भाजत होतं, त्याचा वास येत होता.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा केरॉड धावत आला. त्याचा चेहरा बघून काही कळेना.

"बोल!" व्हर्न ओरडला.

"ठीक आहे. दोघी ठीक आहेत. शेजाऱ्यांनी तुझ्या आईला जेवणाच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं, दुपारीच."

"आणि लिफ्ट?"

"तुझी बायको लिफ्टमध्ये बसा म्हणाली होती. पण तुझी आई बसली नाही. पोलिस म्हणतो, म्हातारी जिन्यात ओरडत होती, 'मी काय कोंबडी आहे का पिंजऱ्यात बसायला?'"

व्हर्न हसायला लागला. हसता हसता भिंतीला पाठ टेकून खाली बसला आणि हातांत तोंड लपवून कितीतरी वेळ तसाच राहिला. एलिओ हसला नाही. तो बाहेर पावसात गेला आणि शाळेच्या कुंपणाला धरून उभा राहिला.

पाणी ओसरल्यावर निव्हेस आली. दोघांनी मिळून घराखालचा चिखल काढला. मग तिनं पेटीतून सामान काढलं. नवा कंट्रोलर, वरवंट्याएवढा रेझिस्टर, आणि व्होल्टेजवर नजर ठेवणारं एक लहान सर्किट. व्होल्टेज ठरल्या हद्दीच्या वर चढलं, की हे सर्किट जास्तीची वीज रेझिस्टरकडे वळवणार आणि तिथे ती उष्णता होऊन संपणार. तिनं एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही. त्यानं ते ऐकायची तयारी ठेवली होती. ती काही बोलली नाही, म्हणून त्याला जास्तच लागलं.

पहिलं काम त्यांनी व्हर्नच्या घरी केलं, आपल्या घराआधी. एलिओचा तसा हट्टच होता. बॅटरी मुद्दाम काठोकाठ भरली. पिंजऱ्यात खताच्या गोणी टाकल्या, आणि गोणींवर एलिओ स्वतः चढून बसला.

"पप्पा, गोणी पुरे आहेत," निव्हेस म्हणाली.

"दाब बटण."

पिंजरा खाली आला. मीटरचा काटा चढला, हद्दीशी थबकला, आणि तिथेच राहिला. वर रेझिस्टर तापला, त्याच्यावरची धूळ जळाल्याचा वास आला. पिंजरा जमिनीला टेकला. सगळं नीट झालं होतं. पण एलिओ बसूनच राहिला.

"उतर की रे," व्हर्न म्हणाला.

"पाय उचलत नाहीत. थांब जरा."

वरून आयव्हीनं वाकून पाहिलं. "व्हर्न, तो माणूस अजून का बसलाय त्यात? त्याला आवडलंय का? मग घेऊन जा म्हणावं घरी!"

घरची लिफ्ट त्यानंतर सुरू झाली. पहिल्या दिवशी एलिओ कारणं काढत होता, आज पाऊस आहे, आज वायरी पुन्हा बघतो. ग्लेनिसनं त्याचं ऐकून घेतलं, तो बाथरूममध्ये गेला तेव्हा खुर्ची पिंजऱ्यात नेली आणि आतलं बटण स्वतःच दाबलं. मोटरची गुणगुण ऐकून तो तोंडाला साबण तसाच ठेवून धावत बाहेर आला. ती खाली वाफ्यापाशी पोचलीसुद्धा होती आणि चिखलात कुजलेली टोमॅटोची रोपं बघून हळहळत होती.

आता ती रोज उतरते. एलिओ व्हरांड्यात थांबत नाही. तो स्वयंपाकघरात जातो, सिंकची कड दोन्ही हातांनी धरतो आणि उभा राहतो. ते ग्लेनिसला ठाऊक आहे. म्हणून खाली पोचली की ती बसमधल्या त्या जुन्या आवाजात ओरडते, "उतरले!" तेव्हा कुठे तो सिंक सोडतो आणि कॉफी गॅसवर ठेवतो.

कधीतरी रस्त्यावर कुणी ओळखीचं भेटतं, ती बोलण्यात गुंगते आणि ओरडायचं विसरते. मग तो अनवाणी बाहेर येतो, कठड्यावरून वाकून बघतो, आणि ती वर न बघताच म्हणते, "आहे रे, आहे. जा, कॉफी उतू जाईल."